डाव्या अंगाचं गाणं

"मला फक्त नाव हवंय," आलेल्या बाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "त्या गाण्यातली 'तू' कोण, एवढं शोधून द्या. पत्ता नको. भेटायची मला हौस नाही."

टाचणीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांनी पळालेले भागीदार शोधले होते, चोरलेल्या मोटारी शोधल्या होत्या, एकदा तर कुणाचा पोपटही. सर्वनामाचा शोध पहिलाच.

"कुठलं गाणं?"

"वहिनी, काय हे?" कोपऱ्यातून भाऊजींनी कळवळून विचारलं. टाचणीबाईंचे हे धाकटे दीर कामात त्यांचे मदतनीस होते. मन लोण्याचं, आणि तपासात कायम एक वळण मागे. "सगळ्या गावाच्या तोंडी आहे ते. यांच्या मिस्टरांनीच लिहिलंय, चालही त्यांचीच." त्यांनी डोळे मिटले.

"डाव्या अंगाला माझ्या गं, तुझा वावर सरला
ओठ हलती दिव्यापाशी, शब्द वाटेत विरला.
झाड खिडकीत डोले, त्याची सळसळ नाही
भरल्या घरात माझ्या, तुझी चाहूलच नाही."

"डोळे पुसा," टाचणीबाई म्हणाल्या. "आणि बाई, तुमचा संशय कशावरून?"

"वर्षभर घरात असून नसल्यासारखे आहेत. स्वयंपाकघरातून हाका मारून घसा बसतो, ओ म्हणून नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या डावीकडे झोपते. एक दिवस म्हणाले, तू इकडे ये, उजवीकडे. जेवायच्या टेबलाशीही तेच. म्हणजे डावी बाजू तिच्यासाठी राखून ठेवलीय, आणि वर गाणं करून जगाला ऐकवलं. मी विचारलं, कोण ती? तर म्हणतात, गाण्याला अर्थ विचारू नये." त्या आता कुठे खुर्चीत टेकल्या. "रविवारी मी बहिणीकडे निघाले, कायमची. बॅग भरलीय. कुणापायी संसार मोडतेय, तेवढं तरी कळू दे."

त्या गेल्यावर भाऊजी म्हणाले, "नक्की गायिका. पूर्वी दोघं एकत्र कार्यक्रम करायचे."

"तुम्ही चपला घाला," टाचणीबाई म्हणाल्या.

गायिकेनं आढेवेढे घेतले नाहीत. उलट दार उघडताच तिचे डोळे भरले.

"माझ्यावरच आहे ते गाणं. मंचावर मी त्यांच्या डाव्या हाताला उभी असायचे. मी जोडी मोडली आणि ते कोलमडले. अजून सावरले नाहीत. मध्ये एका तालमीला बोलावलं, तर मला उजवीकडे उभं केलं. जुनी जागा बघवत नाही त्यांना."

"तसं ते म्हणाले?"

"अशा गोष्टी म्हणाव्या लागतात का हो?"

"म्हटल्या असत्या तर माझा रिक्षाखर्च वाचला असता," टाचणीबाई पुटपुटल्या.

गीतकाराच्या थोरल्या भावाचं भांड्यांचं दुकान होतं. प्रश्न ऐकून ते हसलेच.

"बाई कसली घेऊन बसलात? आई आहे ती. आमची आई. शेवटी आजारी होती तेव्हा तिची खाट याच्या डाव्या बाजूला असायची. ती गेली आणि हा मिटला. माणसांत येत नाही. परवा माझ्या नातवाचा वाढदिवस होता, तर पाच मिनिटांत उठला. दादा, इतकी माणसं एकदम बोलली की मला सोसत नाही, म्हणाला. एकटं भेटलं तर छान बोलतो. दुःख आहे हो ते."

परतताना भाऊजी हुंदके देत होते. "आईच, वहिनी. मला वाटलंच होतं."

"सकाळी तुम्हाला गायिका वाटली होती." टाचणीबाईंनी कपाळाला हात लावला. "वैताग आहे नुसता. गाण्याचा अर्थ विचारला की जो तो आपलाच फोटो काढून दाखवतो."

उरला ध्वनिमुद्रक. काचेच्या खोलीत तो बटणांच्या फळीवर वाकून बसला होता. गाणं कुणावर आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, आणि टाचणीबाईंना तो त्या दिवसातला पहिला शहाणा माणूस वाटला.

"मला विचाराल तर त्या गाण्यानं माझं डोकं उठवलं," तो म्हणाला. "डावीकडची व्हायोलिनं वाढव, वाढव, वाढव. अहो, किती? शेवटी ऐकणाऱ्याच्या कानठळ्या बसतील म्हटलं, तेव्हा थांबले. आणि एक खूळ बघा. प्रत्येक गाणं एकदा हेडफोन सरळ घालून ऐकतात आणि एकदा उलटा."

"उलटा म्हणजे?"

"डावा कप उजव्या कानावर. शुभ मानत असतील. कलावंताला विचारू नये असलं."

टाचणीबाई दारातच थांबल्या. मग त्यांनी भाऊजींच्या पाठीत थाप मारली. "उद्या सगळ्यांना इथेच बोलवा."

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. गीतकार खिडकीशी बसून तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत होते, बायको दाराशी उभी होती. टाचणीबाईंनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि गायिकेला, थोरल्या भावांना, ध्वनिमुद्रकाला बाहेर बसायला सांगितलं.

"मग बोलावलंत कशाला?" गायिका फणकारली.

"तुम्ही नाही आणि आईही नाही, एवढं सांगायला. आता जा."

दार लागलं. टाचणीबाई गीतकारांच्या मागे, डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या कॉलरवर झुरळ आहे."

भाऊजी उडी मारून खुर्चीवर चढले. बायकोनं पदर झटकला. गीतकार खुंटी पिळत राहिले.

"झुरळ नाहीये, भाऊजी. खाली उतरा."

टाचणीबाई वळसा घालून गीतकारांच्या उजवीकडे आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि बायकोकडे वळल्या.

"गाणं नीट ऐका. त्यातली ती कुठे गेलीय? तिचे ओठ हलताना दिसतात. म्हणजे ती समोर आहे. झाड डोलतं, सळसळ नाही. घर भरलेलं आहे, चाहूल नाही. गाण्यात डोळ्यांना सगळं दिसतं, कानाला काही नाही. जी सोडून गेली तिचे ओठ दिसत नाहीत. आईचेही नाहीत."

बायको दारापासून दोन पावलं पुढे आली.

"हाक मारली तर उत्तर नाही. गर्दीत बसवत नाही, एकट्याशी छान गप्पा. डावीकडची व्हायोलिनं कितीही वाढवली तरी कमीच. ती ऐकायची तर हेडफोन उलटा घालावा लागतो, म्हणजे डावीकडचं वाजणं उजव्या कानात येतं. यांचा डावा कान गेलाय, बाई. आणि ज्याचं बोलणं ऐकायचं असतं त्याला हे उजवीकडे घेतात. गायिकेला एका तालमीपुरतं घेतलं. तुम्हाला जेवताना घेतलं, झोपताना घेतलं."

खोलीत तंबोऱ्याची एक तार उगाच घुमत राहिली.

"ती 'तू' म्हणजे तुम्ही. दूर गेला तो तुमचा आवाज."

गीतकारांनी तंबोरा खाली ठेवला. "कामं बंद होतील, म्हणून बाहेर बोललो नाही," ते म्हणाले. "दुसराही कमी होतोय. किती दिवस टिकेल, ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

"आणि मला?" बायको म्हणाली. "मला का नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू मोठ्यानं बोलायला लागली असतीस." ते जमिनीकडे बघत होते. "मला तुझं हळू बोलणं ऐकायचं होतं. आहे तोवर."

टाचणीबाईंनी भाऊजींचा दंड धरला आणि त्यांना बाहेर ओढलं. काचेतून दिसत होतं, बायको नवऱ्याच्या उजव्या खांद्याशी वाकली होती आणि अगदी हळू, एका दमात, न थांबता काहीतरी सांगत होती. तो प्रत्येक शब्दाला मान हलवत होता.

"त्या काय म्हणत असतील हो, वहिनी?" भाऊजींनी गहिवरून विचारलं.

"शिव्या देतायत," टाचणीबाई म्हणाल्या. "वर्षभराच्या साठलेल्या. चला, वेळ लागेल त्यांना."