पाणदरवाज्याचं पान

जिल्ह्याची माहितीपुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे होतं. नदीकाठच्या वीटभट्ट्या, होड्या बांधणारे सुतार, मासळीबाजार, नदीच्या वळणावरचा सूर्यास्त, सगळं लिहून झालं होतं. राहिलं होतं एक पान, जुन्या किल्ल्याच्या पाणदरवाज्याचं. म्हणजे किल्ल्यातून थेट नदीच्या पाण्यापर्यंत उतरणारा अंधारा जिना. फोटो काढायला धाकट्या भावाला बरोबर घेतलं आणि होडीनं किल्ल्यावर गेलो.

संशय घेणं हा माझा स्वभावच. बायको म्हणते, हा माणूस आरशातल्या स्वतःलाही ओळखपत्र मागेल. किल्ल्याचा म्हातारा रखवालदार मला पहिल्या नजरेतच खटकला.

"वर येताना मी दारातून विचारीन, मागे कोण?" तो म्हणाला. "सगळ्यात शेवटी येणाऱ्यानं सांगायचं, कोणी नाही. मग मी कुलूप लावतो. एकदा लावलं की आज पुन्हा उघडत नाही."

मला वाटलं, पुस्तिकेत छापून यावं म्हणून चाललेली ही नाटकं.

भर दुपारी उतरलो. दहा-बारा पायऱ्यांतच उजेड संपला. ओल्या दगडांचा वास येत होता आणि खाली कुठेतरी पाणी भिंतीला लागत होतं. धाकट्याचा हात माझ्या खांद्यावर होता, उतरतानाही आणि चढतानाही. वरच्या वळणावर तो सुटला. मान वर केली, तर हा दारापाशी उन्हात उभा! केव्हा पुढे सटकला कोण जाणे, असं म्हणत मी बाहेर पडलो.

"मागे कोण?" रखवालदारानं विचारलं.

"कोणी नाही हो!" मी वैतागून म्हणालो. कुलूप लागलं.

आणि खालून आवाज आला. "दादा... मी आहे ना..."

आवाज धाकट्याचाच.

"उघडा!" मी ओरडलो.

धाकट्यानं माझा दंड धरला. "दादा, मी उतरलोच नाही. दोन पायऱ्यांवरूनच मागे फिरलो... भीती वाटली रे."

"दादा, इथे काही दिसत नाही..." खालून.

रखवालदारानं किल्ली मुठीत आवळली. अगदी हळू म्हणाला, "साहेब, एक भाऊ समोर उभा आहे. दुसराही घेऊन गेलात, तर घरी आईला काय सांगाल?"

म्हाताऱ्याच्या हातातून किल्ली हिसकावणं काही अवघड नव्हतं. मी हिसकावली नाही. समोरच्याचा हात धरला आणि निघालो. होडीत बसेपर्यंत मागून हाका येत होत्या.

आई म्हणते, पोरगा चांगला धडधाकट आहे, उगाच त्याच्याकडे टक लावून बघू नकोस. तिचंही खरंच. जेवतो, हसतो, माझी टिंगल करतो. तरी मी रात्री माझ्या खोलीला आतून कडी लावतो, आणि तसं करण्याची मला लाज वाटते.

परवा त्यानं माझं ते पान वाचायला घेतलं. मी लिहिलं होतं, जिन्याला त्र्याऐंशी पायऱ्या आहेत. त्यानं पेन उचलून आकडा खोडला.

"चौऱ्याऐंशी, दादा," तो म्हणाला. "शेवटची पाण्याखाली आहे."