हयातीचा दाखला

मन्मथने तिला पहिल्यांदा पाहिलं ते अहमदपूरच्या उपकोषागारात, नोव्हेंबरातल्या एका रिकाम्या दुपारी. पेन्शन घेणाऱ्यांनी दरवर्षी या महिन्यात येऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा आणि मन्मथने तो नोंदवून घ्यायचा. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. ही मात्र जेमतेम पस्तिशीची... आणि मशीन काही तिचा अंगठा घेत नव्हतं.

"दाबा ना जोरात," ती म्हणाली. "मोडत न्हाई."

त्याने तिचा अंगठा धरून काचेवर टेकवला. चिंचोक्यासारखा गुळगुळीत. एक रेघ म्हणून शिल्लक नव्हती. मग त्याने कागदावरचं नाव वाचलं — महादेवी — आणि त्याचे कान तापले. अख्खा मराठवाडा जिला टेकूताई म्हणायचा, ती ही. पडती भिंत, खचता पूल नुसत्या हातांवर तोलून धरायची, आणि शेवटचं माणूस बाहेर निघेपर्यंत हलायची नाही. एकदाच, एका छपराखालून पाच जण निघाले आणि सहावा निघायच्या आत तिचे हात सुटले. हृदय थकलंय, पुन्हा असा भार पेललात तर भरवसा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरकारने तिला निवृत्त केलं.

मशीन ऐकेना, तेव्हा नियमाप्रमाणे मन्मथने तिला समोर बसवून, नीट पाहून, स्वतःच्या हाताने लिहायचं होतं — 'प्रत्यक्ष पाहिले, हयात आहेत.' त्याने वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"झालं बघून?" ती म्हणाली. "एवढ्यात कळलं का, मी जिती हाय ते?"

असे चार नोव्हेंबर गेले. दुसऱ्या वर्षी तिने त्याच्या शर्टाला इस्त्री कोण करतं, याची चौकशी केली. तिसऱ्या वर्षी, जास्तीचे झाले होते म्हणत, फडक्यात बांधलेले धपाटे टेबलावर ठेवले. चौथ्या वर्षी तर ती जानेवारीतही आली आणि भिंतीवरच्या फलकावर लिहिलेलीच गोष्ट विचारू लागली. मन्मथने तिला तो फलक सावकाश, ओळीन् ओळ वाचून दाखवला. बाकी काही त्याच्या तोंडून निघालं नाही. एकेचाळिशीचा कारकून, डोंगर पेलणाऱ्या बाईला काय म्हणणार... पुढच्या खेपेला बघू, असं तो दर खेपेला ठरवायचा.

मे महिन्यात मुखेडकडे एका विहिरीचं खोलीकरण चालू असताना दरड ढासळली. दोन मजूर बाया कपारीत अडकल्या. त्यांचा आवाज वर येत होता, पण यंत्र जवळ नेलं की आणखी माती सुटायची. टेकूताईंनी पुन्हा सेवेत यावं, अशी विनंती करणारं पत्र निघालं. तिचा फोन लागेना. घर कुणाला ठाऊक, असं विचारल्यावर सगळी कचेरी मन्मथकडे बघू लागली.

मन्मथ पत्र घेऊन पोचला तेव्हा ती अंगणात चिंचा फोडत बसली होती. पत्र तिने उभ्यानेच वाचलं. दोघी जित्या आहेत ना, एवढंच विचारलं. मग पेटीतून कामावरचा रुंद चामडी पट्टा काढला आणि तो तसाच हातात धरून थांबली.

"मला भ्या वाटायलंय," ती म्हणाली.

परत फिरायचं आणि घराला कुलूप होतं असं कचेरीत सांगायचं, हे मन्मथने वाटेत जीपमध्येच ठरवलं होतं. तसं त्याने तिला सांगून टाकलं.

"मग कामून आलात?"

"त्या दोघींचीही कुणी वाट बघत असेल."

"लई बोलावणी आली मला," ती म्हणाली. "दर बारीला सगळे जा म्हणाले. साहेब, गाव... आईसुदीक. जाऊ नको असं कुणी म्हणलंच न्हाई. गेलेच असते मी. पण एकदा ऐकून गेले असते."

गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला.

"जाऊ नको, महादेवी," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस... जाऊ नको."

तिने क्षणभर डोळे मिटले. उन्हातून आलेलं माणूस पाणी पिऊन थांबतं तशी थांबली. मग पट्टा कमरेला आवळला.

"चला," ती म्हणाली. "मुखेड लांब हाय."

विहिरीत तिने समोरच्या खडकाला पाय दिले आणि पाठीने, तळव्यांनी दरड रोखून धरली. काठावर मन्मथला लोकांनी मागे ओढलं होतं. एक बाई वर आली. बऱ्याच वेळाने दुसरी आली. मग दोर तिच्यासाठी खाली गेला आणि कितीतरी वेळ सैलच राहिला. मन्मथ मातीत बसला...

दोर ताणला गेला.

तिला वर घेतलं. डॉक्टरांनी नाडी पाहून मान डोलावली — ठीक आहे. ती दगडांच्या ढिगाला टेकून बसली. दोन्ही हात परक्याचे असावेत तसे मांडीवर पडले होते. चिखलाने केस डोळ्यांवर चिकटले होते. तहसीलदार काही बोलत होते, ती गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

"मन्मथ," ती म्हणाली, "केस बाजूला कर की. हात उचलत न्हाईत."

"इथं? एवढ्या लोकांत?"

"एवढ्या लोकांतच."

त्याने गुडघे टेकले. एक बट बाजूला केली. मग दुसरी. त्याने घाई केली नाही.