अडतीस किलोची गोदा उलटते कशी?

सलग चौथ्यांदा गोदा पाण्यात पडली, तेव्हा काठावरच्या बगळ्यांनी उडायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. त्यांना आता सवय झाली होती.

लाइफ जॅकेटनं तिला लगेच वर आणलं. शिकवल्याप्रमाणे तिनं एका हातानं नाव धरली, दुसऱ्या हातानं वल्हं, आणि पाय मारत मारत काठ गाठला. मागोमाग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली तिची गोधडीही तरंगत आली. पडायचं कसं हे तिला इतकं झकास जमत होतं, की त्याची परीक्षा असती तर पहिला नंबर हिचाच! पण परीक्षा होती न पडण्याची, आणि ती उद्या सकाळी.

ही गोष्ट आहे २०७१ सालची, भीमेच्या फुगवट्याकाठची (फुगवटा म्हणजे धरणामुळं मागं तुंबून पसरलेलं नदीचं पाणी). तिथल्या एका बेटावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरत. त्यांना त्रास नको म्हणून इंजिनाच्या बोटींना तिकडं बंदी होती. पक्षिगणनेला जायचं तर कयाक वल्हवत जायचं. कयाक म्हणजे एकट्यानं बसायची अरुंद, हलकी नाव; हिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. गोदा दोन वर्षं काठावरून दुर्बिणीनं रोहित मोजत होती. वही भरत आली होती. पण बेटाची पलीकडची बाजू काठावरून दिसतच नाही, आणि तिकडं काय असेल या विचारानं पोरीची झोप उडाली होती. उद्या नापास झाली तर रविवारच्या गणनेला तिच्या जागी बरोबर शिकणारा हंबीर जाणार, आणि हिच्या हाती वर्षभर पुन्हा दुर्बीण.

"वजन अडतीस किलो," टिटव्या म्हणाला. टिटव्या म्हणजे कयाक शिकवणारा यंत्रमानव. दोन काटकुळ्या पायांवर गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि कुणी पडलं की टिटवीसारखा कोकलायचा. "नाव पेलते एकशेवीस किलो. वारा नाही, लाट नाही. तू पडायला नको होतंस."

"मग पडले कशी?"

"माहीत नाही."

यंत्रमानवांना थाप मारता येत नाही. कधी कधी फार राग येतो त्याचा.

"तो हंबीर बघ!" गोदाचा आवाज रडवेला झाला. "बासष्ट किलोचा धोंडा, तो मजेत डुलत जातो. मी हलकी, तर मी उलटते. हा कुठला न्याय?"

तेवढ्यात डबा घेऊन तन्वीआत्या आली. लहानपणापासून गोदाला वाढवलं ते हिनंच. ऊसतोडीच्या हंगामात आत्या कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या न्यायची. ट्रॅक्टर आता उन्हाच्या विजेवर चालायचे, पण रस्त्यातले खड्डे होते तसेच होते.

"आगं, पुन्यांदा भिजलीस? आन् गोधडी दिली होती की मी!" गार जागी बसलं की पोटात दुखतं, हा आत्याचा कायदा. म्हणून रोज सकाळी ती गोधडीची जाड घडी घालायची, प्लॅस्टिकमध्ये बांधायची आणि स्वतः नावेत ठेवून जायची.

गोदानं तिला सगळं गाऱ्हाणं सांगितलं. आत्या खो खो हसली.

"आमची ट्रॉली बी अशीच हाय बघ. ऊस खाली दाबून भरला तर खड्ड्यातनं बी नीट जाती. त्योच ऊस उंच रचला, की पहिल्याच वळणाला आडवी."

"तोच म्हणजे तेवढाच?"

"तेवढाच की. काट्यावर किलोचा फरक न्हाई."

गोदाचा हात डब्यावरच थांबला. तिनं गोधडीकडं पाहिलं.

"टिटव्या, माझी गोधडी मोजली होतीस?"

"हो. एक किलो. नगण्य म्हणून सोडून दिली."

"वजन नको रे! जाडी सांग."

"तू बसल्यावर बारा सेंटिमीटर." टिटव्याच्या डोळ्यांतले दिवे दोनदा लुकलुकले. "अरेच्चा," तो म्हणाला. हा शब्द त्याला पोरांनीच शिकवला होता. "मी किती वजन ते पाहत राहिलो. कुठं आहे ते पाहिलंच नाही. वल्हं चिखलात उभं धर बरं. आता थोडं कलतं कर. बुडाजवळची जागा किती सरकली?"

"बोटभर."

"आणि वरचं टोक?"

"चांगलं दोन हात!"

"तुझंही तसंच होतं. प्रत्येक वस्तूला गुरुत्वमध्य असतो (सगळं वजन जणू तिथंच गोळा झालंय असा बिंदू). बसलेल्या माणसाचा तो साधारण बेंबीच्या आसपास. नाव उजवीकडं कलली की उजवी बाजू जास्त बुडते, आणि तिथलं पाणी तिला जास्त जोरानं वर लोटतं. त्या जोराला म्हणतात उत्प्लावक बल. तोच नावेला पुन्हा सरळ करतो. पण तुझा गुरुत्वमध्य उंच असला, तर तेवढ्याच कलण्यात तो फार बाहेर जातो. त्या जोराच्याही पलीकडं गेला, की तोच जोर तुला उलटायला मदत करतो."

"म्हणजे पाणी फितूर होतं!"

"पाणी तेच. तू उंच बसली होतीस. हंबीर थेट बुडाशी बसतो."

आत्यानं तोंडावर हात ठेवला. "म्हंजे चार दिस मीच पाडत हुते व्हय गं तुला?" तिला खरंच वाईट वाटलं, डोळे भरून आले. गोदानं ओल्या अंगानंच तिला मिठी मारली. आत्याचं लुगडंही भिजलं, मग दोघीही हसल्या.

दुसऱ्या दिवशी गोदा थेट नावेच्या बुडाशी बसली. गारवा असा लागला की बाई गं! पण पाय पुढं टेकले, गुडघे कडांना लावले. नाव हलली तशी ती ताठरली.

"ओंडका होऊ नकोस," टिटव्या म्हणाला. "कंबर सैल सोड. नावेला हलू दे, डोकं मधोमध ठेव. वल्हं पायाच्या बोटांपाशी पाण्यात घाल, कमरेपाशी बाहेर काढ. नुसत्या हातांनी ओढू नको, अंग वळव."

परीक्षेत तीन तरंगत्या पिंपांना वळसा घालून यायचं होतं. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यापाशी वाऱ्याची झुळूक आली आणि नाव चांगलीच कलली. काठावर आत्यानं डोळे मिटून घेतले. गोदानं कंबर सैल सोडली. खालून पाण्यानं नावेला वर लोटलेलं तिला स्पष्ट जाणवलं, आणि नाव सरळ झाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कललेल्या नावेत हसली.

"उत्तीर्ण," टिटव्या म्हणाला. शिवाय शिकवण्याच्या यादीत त्यानं नवा प्रश्न घातला: बुडाखाली काय घेतलं आहे?

रविवारी गोदा बेटाला लांबून वळसा घालून पलीकडं पोचली. रोहित भीमेवर पाहुणे म्हणून येत, अंडी मात्र दूर कच्छच्या रणात घालत, असंच सगळे सांगायचे. तिनं वल्हं आडवं धरलं आणि नाव थांबू दिली. पलीकडच्या चिखलात मातीची बुटकी बुटकी घरटी होती, आणि त्यांच्याभोवती करड्या रंगाची, लोकरीच्या गोळ्यासारखी पिल्लं तुरूतुरू धावत होती. ओरडावंसं वाटत होतं, पण ती ओरडली नाही. तिचे डोळे मात्र वाहायला लागले.

"आकडा सांग," कानातल्या यंत्रातून टिटव्या म्हणाला. "मोठे पक्षी किती?"

"मोठे नंतर," गोदा कुजबुजली. "आधी पिल्लं मोजतेय. शंभर झाली, आणि अजून संपत नाहीत रे."