शहाण्णव फ्रेम्स

"या फिल्मला आंबट वास येतोय. गेली का कामातून?"

रिळाचा डबा हातात घेऊन तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. आमच्या चित्रपट संग्रहालयात महिनाभरासाठी आलेला संकलक. मी फिल्म नाकाशी धरली.

"थोडी आंबलीय. वाचेल."

एक जुना विनोदी चित्रपट नव्या प्रेक्षकांसाठी आटोपशीर करायचं काम त्याच्याकडे होतं. आठवड्याने त्याने तो मला दाखवला. नगराध्यक्ष स्वतःच्याच पुतळ्याचं अनावरण करतात, कापड ओढतात, आणि चौथऱ्यावर नुसते दोन बूट. आम्ही दोघं हसलो, त्यात पुढचं वाक्य बुडालं.

"इथे काही कापलंत?"

"चार सेकंद. कोणी काहीच करत नव्हतं."

"ती आपल्याला हसायला ठेवली होती."

तो स्वतःचा कान पकडून म्हणाला, "अशा एकसष्ट जागा कापल्यात, केमिस्टबाई."

कापलेले तुकडे सुदैवाने त्याने जपून ठेवले होते. आम्ही ते परत बसवायला घेतले. तो चिकटपट्टीने जोडायचा, मी भिंगाखाली फ्रेम्स मोजायची. सेकंदाला चोवीस, म्हणजे चार सेकंदांच्या दर जागी शहाण्णव. जोड पास झाला की नाही, हे तो माझ्या चेहऱ्यावरून ठरवायचा.

"हसलात. म्हणजे पास."

"मी हसले नाही."

"डावा गाल हसला."

महिन्याचा शेवटचा दिवस, शेवटचा जोड. एवढं झालं की तो त्याच्या गावी परतणार होता, आणि मी अजून काहीच बोलले नव्हते. मी मोजलं. बरोबर शहाण्णव.

"पंच्याण्णव आहेत," मी म्हणाले.

त्याने मुकाट्याने जोड उकलला, पुन्हा केला.

"अजून... एक कमीच आहे."

तो दुसऱ्यांदा उकलायला लागला, तेव्हा माझे कान तापले.

"राहू द्या. पहिल्यापासून बरोबर होता. मी खोटा आकडा सांगितला."

"तुम्ही? का?"

"खरा सांगितला असता तर... तुम्ही निघाला असतात."

त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. "मीही मोजल्या होत्या. शहाण्णवच."

"मग उकललात कशाला?"

"मला तरी कुठे घाई होती?" त्याने स्टूल जवळ ओढलं. "जावं तर लागेल. पण गाडीला दोनच तास लागतात... येऊ रविवारी?"

"सकाळच्या गाडीने या," मी म्हणाले.