सातव्या खाटेची हाक

मावशींनी एक नेम केला होता, त्याला आता नऊ वर्षं झाली. देवासमोर हात जोडून त्या म्हणाल्या होत्या, "यापुढे कुणाचीही हाक माझ्या कानावर आली, तर ओ दिल्याशिवाय राहणार नाही." उपास नाही, जप नाही, एवढाच नेम. ऐकायला सोपा वाटतो. पण करून पाहा म्हणजे कळेल. हात कणकेत असताना हाक येते, डोळा लागता लागता येते. आणि निम्म्या वेळा ती आपल्याला नसतेच.

"आई, त्या समोरच्या बाई त्यांच्या मांजराला बोलावतायत," त्यांची धाकटी लेक हसायची.

"असू दे गं. मांजर ओ देत नाही ना, मग मी दिली."

या नेमामागचं कारण धाकटीला ठाऊक होतं, म्हणून ती फार ताणायची नाही. तिचे बाबा तेव्हा दवाखान्यात होते. लांबलचक वॉर्ड, फिनेलचा वास, भिंतीलगतची सातवी खाट. मावशी औषधं आणायला खाली गेल्या, तेवढ्यात बाबांना धाप लागली. उशाशी घंटेचं बटण होतं. ते त्यांनी दाबलं, दाबूनच धरलं. पण सिस्टरच्या टेबलावरच्या पाटीवर सातवा दिवा लागलाच नाही. तार ठीक होती, बटण ठीक होतं, हाक मधेच कुठेतरी हरवली होती. मावशी वर आल्या तेव्हा बाबांचा अंगठा बटणावर तसाच होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

धाकटी पुढे शिकली, आणि योग बघा, तिच्या वाट्याला कामही तसलंच आलं. दवाखान्यांसाठी घंटांच्या पेट्या बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती घरूनच काम करायची. पेटीच्या पोटात छोटा कॉम्प्युटर असतो. कुठल्या तारेवरून आलेली हाक कुणी घ्यायची, याची यादी त्याला लिहून द्यावी लागते. ती यादी तपासून त्याच्या भाषेत बसवून देणारा जो प्रोग्रॅम, त्याला कंपायलर म्हणतात.

"प्रत्येक हाकेला एक पालक लागतो, आई, म्हणजे ती घेणारं कुणीतरी," धाकटीने एकदा समजावलं होतं. "यादीत पालक नीट लिहिला नाही, तर हाक येते आणि कुणालाच ऐकू जात नाही."

 मावशींनी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं. वारा पडलेला, सगळी इमारत कशी चिडीचूप. टेबलावर बारा खाटांची पेटी, तिला जोडलेली बारा छोट्या दिव्यांची पट्टी आणि तिच्या टोकाला चिमुकली घंटा. पाच वाजता दवाखान्याचा माणूस पेटी न्यायला येणार होता. त्याच रात्री ती वॉर्डात बसायची होती, बारा आजारी माणसांच्या उशाशी. मावशी शेजारी बसून लसूण सोलत होत्या.

टिंग.

"ओ," मावशी सवयीने म्हणाल्या.

पट्टीवरचा सातवा दिवा लागला होता. क्षणभर थरथरला आणि विझला.

"तू बटण दाबलंस का गं?"

"बटणं अजून जोडलीच नाहीत... तार तारेला लागली असेल." धाकटीने पट्टी हलवून पाहिली. मग यादी कंपायलरला दिली. पडद्यावर एकच ओळ उमटली.

"काय म्हणतोय तो?"

"काही नाही गं. सातव्या खाटेची ओळ अपुरी वाटते म्हणतोय. नुसता इशारा आहे, चूक नव्हे. फाईल तयार झाली."

"इशारा म्हणजे हाकच ना?"

"आई, कॉम्प्युटर हाका मारत नाही."

"मग ओ द्यायला तुझं काय जातंय?" मावशींचा आवाज मऊच होता, पण लसूण सोलणारी बोटं थांबली होती. खोलीत वास येत होता. लसणाचा नव्हे... फिनेलचा. बाबा गेले त्या दिवसापासून त्यांनी घरात फिनेल आणलंच नव्हतं.

धाकटीने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून बारा. मग सुस्कारा टाकून तिने यादी उघडली आणि बोट ठेवून एकेक ओळ मोजू लागली. सातव्या ओळीवर बोट थबकलं.

"अगं बाई..."

"काय झालं?"

"ही पेटी प्रत्येक ओळीत पालकाच्या नावापुढे तीन आकडे मागते. सातव्या ओळीत दोनच आहेत. ही ओळ राहिली होती, तेव्हा मी जुन्या पेटीच्या यादीतून उचलून टाकली. जुनीला दोनच लागायचे." तिचा आवाज खाली गेला. "मग तिसरा आकडा ती पुढच्या ओळीतून ओढणार. तिथून पुढे सगळंच सरकणार. सातपासून बारापर्यंत... एकाचीही हाक पोचली नसती. आणि मी पहिल्या सहाच तपासल्या होत्या."

 मग धाकटीने तिसरा आकडा भरला. कंपायलर गप्प राहिला. तिने बटणं जोडली आणि बाराही खाटांची दाबून पाहिली. दिवे ओळीने लागले, घंटा बारा वेळा वाजली, आणि मावशींनी बारा वेळा ओ दिली. तेव्हा कुठे धाकटी हसली.

पाचला माणूस आला, पेटी घेऊन गेला. दिव्यांची पट्टी तेवढी टेबलावर राहिली. तिच्या तारा सुट्या लोंबत होत्या.

आवरताना धाकटी एकाएकी पडद्यासमोर बसली. 

"आई..."

"ओ."

"जुन्या याद्यांमुळे फार इशारे यायचे, म्हणून मी ते सहा महिन्यांपूर्वी बंद केले होते. आता बघते तर अजून बंदच आहेत." तिने सातवी ओळ पुन्हा अपुरी केली आणि यादी कंपायलरला दिली. पडदा कोराच राहिला. पुन्हा दिली. कोराच. "मग दुपारी तो इशारा... कुणी दाखवला?"

 मावशी पट्टीकडे पाहत होत्या. सुट्या तारांच्या टोकाला सातवा दिवा लागला होता. या वेळी तो थरथरला नाही. शांतपणे लागला, जरा वेळ राहिला आणि विझला.

"ओ, बाबा," धाकटी हळूच म्हणाली.

तिने त्याच दिवशी सगळे इशारे पुन्हा चालू केले, आणि आता एकही उत्तराशिवाय सोडत नाही. पट्टी अजून त्याच टेबलावर आहे. सातवा दिवा पुन्हा कधी लागला नाही. पण अधूनमधून, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, आठवा लागतो. आठव्या खाटेवर तेव्हा कोण होतं, ते मावशींना आठवत नाही. पडदा ओढलेला असायचा. त्या आपल्या ओ देतात, दिवा विझेपर्यंत बसून राहतात.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. हा नेम तुम्हीही करा. हाक कुणाची, कुणाला, हे मागून विचारा... आधी ओ द्या.