झगा न गेलेली खोली

सरका थोडं, पोरांनो, बूट काढून बसा. पाय बोलायला लागलेत ना तुमचे? मग नोरीन कॅसिडीची गोष्ट ऐका. ऐकीव नाही, त्या दिवशी नाट्यगृहाच्या मागच्या दारावर मीच होतो.

गेल्या वर्षीचा दहा एप्रिल, गुरुवार. पंचेचाळिसाव्या रस्त्यावर नव्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग, साडेसहाला पडदा. नोरीन सत्तेचाळीस वर्षांची, समूहात नाचणारी, आणि डावा गुडघा पार कामातून गेलेला. हा एक प्रयोगसुद्धा काढणार नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. तिने कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. लागला असता तर त्याच दिवशी तिच्या जागी दुसरी उभी राहिली असती, आणि या वयात पुन्हा कोण बोलावतंय?

समूहात सगळ्यात जास्त नाटकं तिचीच, म्हणून रिवाजाप्रमाणे पहिल्या प्रयोगाचा मानाचा झगा तिच्या अंगावर आला. तुम्ही पाहिलाय तो. ज्या नाटकांनी या शहराला वेड लावलं त्यांची ठिगळं, आणि ज्यांनी आठवड्यात गाशा गुंडाळला त्यांचीही. तो घालून रंगमंचावर तीन उलटे फेरे मारायचे, शुभ व्हावं म्हणून सगळ्यांनी बाहीला हात लावायचा. मग इमारतीतल्या एकूण एक खोलीत तो न्यायचा.

नोरीन चार मजले कशीबशी चढली. पाचव्यावर एकच खोली, वर्षानुवर्षं कुलूपबंद. तो जिना बघूनच तिला रडू यायला लागलं. ती परत फिरली.

कपडेपट सांभाळणाऱ्या बर्निसने खाली विचारलं, "सगळीकडे जाऊन आलीस?"

"आले गं."

"पाचव्यावर?"

"तिथं कोण बसलंय माझी वाट बघत?"



सहा वाजून दहा मिनिटं. बाकीच्या मुली रंगमंचाकडे गेल्या होत्या. नोरीन पहिल्या मजल्यावरच्या खोलीत झगा घालूनच बसली होती, गुडघा चोळत. तेवढ्यात वरून जिन्यावर पावलं वाजली. हलकी, एका लयीतली. नाचणाऱ्या माणसाचीच. चौथा मजला... तिसरा... दुसरा...

दाराशी थांबली.

"कोण?"

...

दार उघडलं. कुणी नव्हतं.

मग झग्याची बाही उचलली गेली. सावकाश. बाहीवर भार आला. दमलेल्या माणसाच्या हाताचा. नोरीन ओरडली नाही. तेवढं त्राणच नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "जिना झेपला नाही मला."

बाही खाली पडली. पावलं परत निघाली. आता मात्र... एक पाऊल. मग फरफट. एक पाऊल... फरफट... थेट वरपर्यंत.

नोरीन उठून उभी राहिली. गुडघा दुखत नव्हता.

त्या दिवशी ती विशीतल्या पोरीसारखी नाचली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पडदा पडताच ती रंगही न पुसता माझ्याकडे आली आणि पाचव्या मजल्याची किल्ली मागितली. डोळे लाल.

"माझ्याच्यानं एक जिना चढवला नाही, वॉल्ट," ती म्हणाली, "आणि माझं दुखणं घेऊन ते पाचव्यापर्यंत चढलं."

कुलूप गंजलेलं. तेल घालून उघडावं लागलं. आत बोटभर धूळ. त्या धुळीत पावलं. दाराकडे येणारी सरळ. परत जाणारी डावा पाय ओढत, आरशासमोरच्या खुर्चीपर्यंत. पुढं काही नाही.

नोरीनने खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. बराच वेळ. मग माझा हात धरून तिथंच टेकवला.

बैठक अजून कोमट होती.