निंबाच्या वळणावर गाडी बसते

राधेश्यामच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली करड्या रंगाची विलायती गाडी कित्येक वर्षं गोठ्याशेजारी पत्र्याखाली पडून होती. कोंबड्यांनी तिच्या गाद्यांवर अंडी घातली, पिल्लं काढली, आणि गावानं तिला मनातून केव्हाच भंगारात घातलं होतं. पण राधेश्यामच्या मुलीचं, अर्पिताचं लग्न ठरलं आणि पोरीनं हट्ट धरला. मोठी आई नवरी होऊन याच गाडीत बसली होती ना, मग मीही याच गाडीतून मांडवात जाणार, आणि मोठी आई माझ्या शेजारी बसणार.

मोठी आई म्हणजे नंदाबाई, राधेश्यामच्या थोरल्या भावाची, वसंताची विधवा. अर्पिता रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते या नंदाबाईनं. त्यामुळे हट्ट मोडायची कुणाची छाती झाली नाही.

वाटूरहून कडूबा मिस्त्री आला. गाडी सुरू झाली ती अर्ध्या गावाला खोकायला लावून. मग एकेक दुखणं बाहेर पडू लागलं. टाकीतला गंज कार्बोरेटरमध्ये जाऊन बसायचा; टाकी उतरवून धुतली. रेडिएटर उकळायचा, त्याची जाळी साफ केली. प्लग काळे पडायचे, तेही थांबलं. कडूबाला यात मजा येत होती.

"म्हातारी हाय भाऊ," तो म्हणायचा, "तिचं जरा ऐकून घ्यावं लागतं."

लग्न तोंडावर आलं आणि नवंच दुखणं सुरू झालं. घरून निघताना गाडी सरळ असायची. वाटूर फाट्यावरच्या मंगल कार्यालयाकडे जाताना वाटेत निंबाचं वळण लागतं. तिथं झाडाखाली एक बसका दगड आहे. ते वळण आलं की मागून 'करर्र' असा आवाज यायचा, गाडी डावीकडं खाली बसायची आणि इंजिन ओझं ओढल्यासारखं धापा टाकायचं. परत येताना त्याच वळणावर पुन्हा 'करर्र'... आणि गाडी अलगद वर.

लग्नाच्या आदल्या दिवशी भर दुपारी राधेश्याम आणि कडूबा तिथंच थांबले. ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडीत पेट्रोलच्या वासात दुसराच एक वास मिसळला होता, खळ घातलेल्या सुती लुगड्याचा. कडूबानं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घालून पाहिला.

"घरून निघताना चार बोटं जात होती. आता एक बी शिरंना."

"स्प्रिंगचा पाटा मेला असंल."

"नवा हाय भाऊ. मीच घातला ना काल." कडूबानं घाम पुसला. "पाटा खराब असता तर गाडी घरीच बसली असती. वळणावर येऊन कशाला बसंल? हे वजन हाय भाऊ. माणसाचं... डाव्या अंगाला कुणी बसलं ना, की बराबर असंच होतं."

राधेश्यामनं मागच्या सीटकडं पाहिलं नाही. "परत एकदा बघ," एवढंच म्हणाला.

कडूबा तापलेल्या डांबरावर गोणपाट टाकून गाडीखाली शिरला, आणि राधेश्यामला स्वतःची लाज वाटली. दुखणं काय आहे ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी त्यानं पाटा बदलायला लावला होता.

वसंताचं लग्न झालं तेव्हा राधेश्याम लहान होता. नवरा-नवरी राजूरला गणपतीच्या दर्शनाला निघाली होती. गिरिजा आत्या, वडिलांची बालविधवा बहीण, तिनंच वसंताला वाढवलं होतं. तिलाही बरोबर जायचं होतं. दारात सवाष्णी जमलेल्या, त्यांच्यादेखत विधवेला नव्या जोडप्याच्या गाडीत कसं बसवायचं? वडील म्हणाले, "गिरिजे, तू पुढं वळणावर थांब, तिथं घेतो." आत्या खळ घातलेलं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन वळणावर उभी राहिली. गाडी थांबली नाही. डाव्या खिडकीशी राधेश्याम बसला होता. आत्यानं हात वर केला, वडिलांनी काच वर घ्यायला सांगितली, त्यानं घेतली. संध्याकाळी परत आले तेव्हा ती त्या दगडावर बसलेलीच होती. ऊन लागून गेली, असं लोकांना सांगितलं. नारळ मांडीत तसाच होता.

पोराचं काय चुकलं, असं म्हणून राधेश्यामनं एवढी वर्षं मनाची समजूत घातली होती. पण आज सकाळीच, अंगणात पाहुण्या बायका जमायला लागल्यावर, तो नंदाबाईला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला होता, "वहिनी, उद्या दारातून नको. तुम्ही पुढं वळणावर थांबा, तिथं घेतो."

नंदाबाईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं होतं. "बरं, भाऊजी," म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी फुलं लावलेली गाडी निघाली. बायको वारलेला राधेश्याम पुढच्या सीटवर फेटा बांधून, उपरणं घेऊन ऐटीत बसला होता. त्याला कुणी काही म्हणालं नाही. मागं नवरी, आणि तिच्या डावीकडं मोठ्या आईसाठी ठेवलेली मोकळी जागा. गाडीमागं व्याह्यांकडच्या जीपा.

वळण आलं. निंबाखाली नंदाबाई उभी होती. गाडी चालवणाऱ्या कडूबानं पाय सैल केला.

राधेश्यामनं आरशात जीपा पाहिल्या. "थांबू नको," तो पुटपुटला. "मुहूर्त टळंल."

गाडी पुढं गेली. आवाज झाला नाही. गाडी बसली नाही. इंजिन कधी नव्हे इतकं हलकं चाललं.

"भाऊ..." कडूबा समोर बघत म्हणाला, "फॉल्ट गेला."

"बाबा, मोठी आई राहिली! थांबवा ना गाडी!"

"जीपमधून येऊन राह्यली ती."

अर्पिता मागच्या काचेतून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ती तर दगडावर बसली, बाबा. कुणाशी बोलतीय?"

अक्षता पडल्या. नंदाबाई आली नव्हती. अर्पिता पानावर बसून रडत होती, घास घेत नव्हती. राधेश्याम कुणाला न सांगता कडूबाला घेऊन वळणावर आला.

"या भाऊजी," नंदाबाई दगडावरूनच म्हणाली. "लागलं का लग्न?" आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"वहिनी, चुकलं माझं. चला."

"कशाला? सोबत हाय मला इथं." तिनं दगडाच्या रिकाम्या बाजूकडं पाहिलं. "त्या दिवशी गाडीत मी बी होते. नवी नवरी... काच वर गेली, मी गप बसले. आज म्हणलं त्यांना, उशीर झाला, पण आले बघा."

"पोरगी जेवंना वहिनी. तुमची वाट बघून राह्यली."

पोरीचं नाव निघताच नंदाबाई उठली. पण पदराचं टोक दगडावरच राहिलं. ताणलं गेलं, ताठ झालं, सुटलं नाही. वारा नव्हता, काटा नव्हता, आणि दगड गुळगुळीत होता.

"त्यांना बी म्हणा की चला," नंदाबाई कुजबुजली. "मी म्हणून न्हाई चालत भाऊजी. तुम्ही म्हणा..."

राधेश्यामनं ओठ उघडले. आत्या, चल. एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मागं जीप थांबली आणि व्याह्यांचा भाऊ उतरला.

"काय झालं पाहुणे? अन् या कोण, इथं उन्हात?"

राधेश्यामनं नंदाबाईकडं पाहिलं. मग नजर वळवली.

"काही न्हाई," तो हसत म्हणाला. "गाडी बिघडल्ती जरा."

कडूबानं मान खाली घातली. नंदाबाई हळूच परत दगडावर टेकली, जरा कडेला सरकून, जागा ठेवून.

राधेश्याम जीपकडं जायला वळला, आणि त्याच्या उपरण्याचं टोक मागं अडकलं.

सुटेल म्हणून त्यानं एकदा ओढलं. मग मान किंचित वळवून पाहिलं. नंदाबाईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.